मुळा-मुठेच्या पाण्यातलं गणगोत

बेट म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. चहूबाजूंनी पाणी आणि मधे जमिनीचा तुकडा. उष्ण प्रदेशातल्या अशा बेटांवर इतरत्र कुठेही न आढळणारे प्राणी आणि वनस्पती असतात, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मॉरिशसचा डोडो हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कारण साधं आहे. बेटावर पोचलेल्या जीवाला सहसा परतीची वाट नसते. तो तिथेच राहतो, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या परिस्थितीशी जुळवून घेतो आणि हळूहळू मूळच्या भाऊबंदांपेक्षा वेगळा होऊन बसतो.

आता हेच चित्र उलटं करून पाहा. चहूबाजूंनी जमीन आणि मधे पाणी. आपल्या दृष्टीनं ही नदी झाली. गोड्या पाण्यातल्या माशाच्या दृष्टीनं मात्र हे बेटच आहे. माळशेजच्या परिसरात डोंगरावर पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. पश्चिमेला उतरलेलं पाणी काळू नदीतून कोकणात आणि अरबी समुद्रात जातं. कुकडीचं पाणी घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करतं. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडच्या अंगाचं पाणी गोदावरीला मिळतं. माणूस एका दिवसात या तिन्ही खोऱ्यांत पाय ठेवून घरी येईल. माशाला मात्र या ओढ्यातून त्या ओढ्यात जाता येत नाही. म्हणून भीमेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात असे काही मासे आहेत की जे जगात दुसरीकडे मिळत नाहीत. आपली मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या त्याच बेटाच्या वाड्या-वस्त्या.

ही गोष्ट पुणेकरांना नव्यानं सांगावी लागते याचं थोडं वाईट वाटतं, कारण या माशांची नोंद फार जुनी आहे आणि ती इथेच झाली. विल्यम हेन्री साइक्स नावाचे लष्करी अधिकारी होते. पक्षी पाहणाऱ्या मंडळींना हे नाव परिचित असेल; माळरानावरच्या एका चंडोलाला त्यांचंच नाव आहे. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्यांच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम दिलं. त्या कामासाठी हिंडताना त्यांनी गावं, पिकं, पाऊस यांच्याबरोबर पक्षी आणि मासेही टिपले. १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवर निबंध वाचला आणि १८४१ मध्ये तो चित्रांसह छापून आला. त्यात ४६ जातींचं वर्णन आहे.

या निबंधातली खरी मौज नावांमध्ये आहे. शास्त्रीय नाव म्हटलं की लॅटिन किंवा ग्रीक शब्द येणार अशी आपली समजूत असते. साइक्स यांनी बऱ्याच माशांना इथल्या लोकांच्या तोंडी असलेली नावंच दिली. कानावर पडलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि ते शास्त्रात रूढ झालं. त्यामुळे आजही जगभरच्या ग्रंथांत 'टॉर खुदरी', 'गारा मल्या', 'स्पेराटा सिंघाला' अशी नावं सापडतात. हा सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा. कोळस हाही त्यातलाच. म्हणजे एखादा जर्मन किंवा जपानी अभ्यासक जेव्हा या माशांवर लिहितो, तेव्हा तो नकळत दोनशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी भोयांची मराठी बोलत असतो.

साइक्स यांनी मासा कुठे मिळाला तेही लिहून ठेवलं. 'नुक्ता' हा मासा चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. त्याच्या तुंडावर पुढे आलेला विचित्र उंचवटा असतो, जणू कपाळावर टेंगूळ. शिरूरजवळच्या घोड नदीतला एक मोठा मासाही त्या निबंधात आहे. आणि खुदरी? तिचं ठिकाण 'मोटा मोला' नदी, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैल असं दिलेलं आहे. मोटा मोला म्हणजे अर्थातच आपली मुठा-मुळा. आठ मैल म्हणजे साधारण मांजरीच्या आसपासचा टप्पा.

हे ठिकाण इतकं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं. एखादी जात प्रथम ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून ओळखली जाते, ते ठिकाण शास्त्रात कायमचं प्रमाण मानलं जातं. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो, तसं. पुढे कुणाला शंका आली की कावेरीतली ही खुदरी खरंच खुदरी आहे का, तर साइक्स यांचा मूळ नमुना काढून ताडून पाहायचा. तो नमुना आज उपलब्ध नाही. मग दुसरा मार्ग राहतो तो म्हणजे मूळ ठिकाणी जाऊन तिथला मासा आणायचा. इथेच सगळी अडचण आहे. मांजरीच्या नदीत आज खुदरी नाही. फेस आहे, जलपर्णी आहे.

खुदरी म्हणजे महसीर कुळातला मासा. मोठे, नाण्यांएवढे खवले, पाण्याच्या जोरात उलटं पोहण्याची ताकद आणि स्वच्छ, खेळत्या पाण्याची आवड. पावसाळ्यात पूर आला की हे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. गावाकडे ज्यांना चढणीचे मासे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मादी गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालते. ही अंडी जड असतात. ती पाण्यावर तरंगत नाहीत, गोट्यांच्या फटींत बसतात. फटींमधून पाणी खेळत राहिलं तर अंड्यांना प्राणवायू मिळतो. त्याच फटींत गाळ बसला तर अंडी गुदमरतात. म्हणजे या माशाला नदी तीन रूपांत लागते. उन्हाळा काढायला खोल डोह, अंडी घालायला गोट्यांचा खळाळ आणि या दोहोंमध्ये मोकळी वाट.

वाट अडवायला आपण फार पूर्वी सुरुवात केली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संगमाखाली बंधारा झाला. बंडगार्डन हे नाव त्यावरूनच पडलं. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं. पुढे मुळशी, पानशेत, पवना, वरसगाव, टेमघर अशी रांग लागली. या धरणांचं पाणी आपण पितो, तेव्हा त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. पण माशांना चढून जाता यावं अशी पायऱ्यांची वाट काही देशांत धरणाच्या बाजूला ठेवतात, तशी आपल्याकडे सहसा ठेवली गेली नाही, एवढं नोंदवायलाच हवं.

खुदरीचं पुढे झालं काय, ती कथा चमत्कारिक आहे. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला, इंद्रायणीच्या उगमाकडच्या वळवण तलावाशेजारी, टाटांच्या वीज कंपनीनं या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यात मोठं काम केलं. मासा वाचवायचा हा हेतू चांगलाच होता. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभरातल्या जलाशयांत, नद्यांत सोडली गेली. कावेरीतही गेली. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला तिथलाच एक महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. नव्या पाहुण्यांची संख्या वाढत गेली आणि तो घटत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली तेव्हा तो नष्ट होण्याच्या अगदी टोकावर असल्याचं जाहीर करावं लागलं. खुदरी मात्र आंतरराष्ट्रीय यादीत 'संकटग्रस्त' या वर्गातून बाहेर आली, कारण आता ती पुष्कळ ठिकाणी आहे. स्वतःच्या घरी नाही आणि परक्याच्या घरात दांडगाई करते आहे! एका बेटावरचा प्राणी उचलून दुसऱ्या बेटावर सोडला की काय होतं, ते समुद्रातल्या बेटांवर अनेकदा पाहिलं गेलं आहे. नद्यांच्या बाबतीतही नियम तोच. 'मासे सोडले' ही बातमी वाचून आपल्याला बरं वाटतं, पण कोणते आणि कुठे, हे विचारायला हवं.

महसीर जिथे टिकले तिथे अनेकदा श्रद्धेनं टिकले. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या नावानं राखलेले महसीर प्रसिद्ध आहेत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही भाविकांनी असेच सांभाळले. डोह राखणं म्हणजे उन्हाळ्यातला माशांचा आसरा राखणं, हे शास्त्र त्या परंपरेत आपोआप सांभाळलं गेलं. मात्र वरून मैलापाणी आलं तर देवाचा डोहही काही करू शकत नाही.

मोठ्या माशाचं कौतुक पुष्कळ झालं. आपल्या नद्यांचा खरा स्वभाव कळतो तो लहान माशांमधून. पुण्याच्या नद्या बेसाल्टच्या काळ्या कातळावरून वाहतात. मल्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते. तिच्या जोरावर तो धो-धो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. मुरी नावाचे बोटभर लांबीचे, मिशा असलेले मासे दगडांच्या खाली राहतात. अशाच एका चिमुकल्या माशाचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्यातल्या नमुन्यावरून केलं आणि त्याला इथल्या कर्नल एव्हेझार्ड यांचं नाव दिलं. वाम दगडांच्या कपारीत सापासारखी वळवळते. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाला वेग हवा, कुणाला सावली, कुणाला वाळू, कुणाला पाणवनस्पतींचं रान.

या रानाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. वाहत्या पाण्यात फितीसारखी लांब, हिरवी पानं डोलताना दिसतात, ती व्हॅलिस्नेरिया. मत्स्यालयाच्या दुकानात हीच विकायला असते. तिचं परागीभवन पाहण्यासारखं. मादी फूल मळसूत्रासारख्या पिळदार देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं मात्र तळाशीच सुटी होतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि तरंगत तरंगत मादी फुलाला जाऊन भिडतात. काम झालं की देठ पुन्हा आवळला जातो आणि फळ पाण्याखाली पिकतं. काठावर पाणकणीस, थोडं वर वाळुंज, करंज, उंबर. पात्रातल्या दगडगोट्यांत शेरणीची झुडपं. या शेरणीची मुळं इतकी चिवट की पूर तिच्यावरून जातो आणि ती तशीच उभी राहते. तिच्या मुळांत माती अडकते आणि कालांतरानं पात्रात छोटं बेट तयार होतं. पाणवनस्पतींवर कितीतरी लहान मासे अंडी चिकटवतात, पिल्लं त्यांच्यातच लपतात.

आणि जलपर्णी? ती इथली नव्हेच. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी म्हणून जगभर नेलेली ही वनस्पती. फुलं सुरेख जांभळी, पण भरपूर खत मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. खत कोण देतं? आपण. घराघरांतल्या मोऱ्यांमधून, संडासांतून आणि साबणाच्या फेसातून नत्र आणि स्फुरद नदीत उतरतं. दर उन्हाळ्यात यंत्रं लावून जलपर्णी काढतात, छायाचित्रं छापून येतात आणि पुढच्या वर्षी ती परत हजर असते. हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

पाण्यातल्या प्राणवायूचा हिशेब एकदा समजून घेतला की बाकीचं आपोआप उलगडतं. हवेत प्राणवायू पाचवा हिस्सा असतो. पाण्यात मात्र तो फार थोडा विरघळतो. साधारण २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम. पाणी तापलं की त्याहून कमी. मैलापाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू या तुटपुंज्या साठ्यावर तुटून पडतात. वर जलपर्णीचं आच्छादन असलं तर पाण्याखाली उजेड नाही आणि हवेशी संपर्कही नाही. मग पाण्यातली व्हॅलिस्नेरिया मरते, खडकावरचं शेवाळ जातं, मल्याचं अन्न संपतं. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाऊस पडला, पाणी वाढलं, तरी मासे मेले कसे, असा प्रश्न पडतो. उन्हाळाभर तळाशी आणि नाल्यांमध्ये साचलेला गाळ पहिल्या लोंढ्यानं ढवळला जातो आणि काही तासांत पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतो, हे त्याचं नेहमीचं कारण.

तरीही शहरातल्या नदीत मासे दिसतात, हे खरं. पुलावरून वाकून पाहिलं तर काळसर मासे हलताना दिसतात. ते बहुधा चिलापी, म्हणजे टिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे तिला गोटेही नकोत आणि वनस्पतीही. दुसरा आफ्रिकी मागूर. हा तर वर येऊन हवा घेतो. त्याच्या पैदाशीवर देशात २००० मध्ये बंदी आली, पण तो नद्यांत पोचायचा तो पोचलाच. आपला मरळही हवा घेऊ शकतो, म्हणून तो कसाबसा तग धरतो. मासे आहेत म्हणजे नदी जिवंत आहे, असं म्हणणं त्यामुळे फसवं ठरतं.

माशांबरोबर आणखी कोण जातं, ते सहसा लक्षात येत नाही. नदीतल्या शिंपल्यांचंच घ्या. शिंपला चालून चालून किती जाणार? त्याची सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, काही दिवस तिथे वाढतात आणि मग दुसऱ्या ठिकाणी गळून पडतात. मासा हेच त्यांचं वाहन. मासा गेला की काही वर्षांनी म्हातारे शिंपले तेवढे उरतात, आणि मग तेही संपतात.

पुण्याचं एक भाग्य असं की इथल्या माशांची मोजदाद पुन्हा पुन्हा झाली. साइक्स यांच्यानंतर १९४२ मध्ये फ्रेझर यांनी, १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांनी आणि २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी या नद्यांमधल्या माशांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. एकाच शहराच्या नद्यांची इतक्या मोठ्या काळातली अशी नोंद आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी असेल. या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की जुन्या यादीतली कित्येक नावं पुढच्या याद्यांतून गळालेली दिसतात आणि बाहेरून आलेली नावं वाढलेली दिसतात. नुक्ता आज जागतिक यादीत संकटग्रस्त आहे.

मैलापाणी शुद्ध करण्यासाठी २०१६ मध्ये जपानी अर्थसाहाय्याचा करार झाला आणि अकरा केंद्रांची योजना आखली गेली. कामाला प्रत्यक्ष वेग यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. दुसरीकडे मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन २०२२ मध्ये झालं. त्यावर शहरात वाद झाला आणि होतो आहे. पुराच्या पातळीबद्दल आणि झाडांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. पाण्याखालच्या रहिवाशांबद्दल फार कमी. मला स्वतःला काठावरच्या फरसबंदीपेक्षा पात्राच्या तळाची काळजी वाटते. पात्र सरळ केलं, एकाच खोलीचं केलं, बांध घालून पाणी तुंबवलं, तर डोह आणि खळाळ हा फरकच राहत नाही. पाणी उद्या स्वच्छ झालं, तरी मल्याला चिकटायला खडक आणि मुरीला लपायला गोटे लागतातच. आधी मैलापाणी थांबवायचं आणि तोवर तळाला हात लावायचा नाही, हा क्रम मला योग्य वाटतो.

कारण परत येण्यासारखं अजून शिल्लक आहे. बेटाचा मधला भाग जळाला असला तरी टोकं हिरवी आहेत. मुळशीच्या वर, टेमघरच्या आसपास, सह्याद्रीच्या कुशीतल्या ओढ्यांमध्ये मल्या आहेत, मुरी आहेत. सप्टेंबरच्या अखेरीला, पाऊस ओसरून पाणी निवळलं की एखाद्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात शांत उभं राहावं. थोड्या वेळानं खडकावरचं शेवाळ खरवडणारे बोटाएवढे मासे दिसू लागतात. तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला त्यांचं नाव विचारा. तो जे नाव सांगेल ते लिहून ठेवा. साइक्स यांनीही तेच केलं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)